आमचं कॉलेज 'सरकारी' की 'खाजगी'? (नाशिककरांनो, घरातला वाद मिटवा)

वणीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत बाबांची लोखंडी पेटी उघडली. वर डांबरगोळ्या, मधे आजीचं लुगडं, तळाशी कागदांचा गठ्ठा. त्यात त्यांची कॉलेजची फी-पावती निघाली. प्री-डिग्री आर्ट्स, १९७१. ट्यूशन फीच्या रकान्यात आडवी रेघ, तिच्यावर जांभळ्या शाईत तिरका शिक्का 'ई.बी.सी.' (आर्थिकदृष्ट्या मागासांची फी-माफी) आणि सगळ्यात खाली 'ग्रंथालय अनामत रु. १०'.

पुतण्या यंदा अकरावीला. तो पावती बघून म्हणाला, "आजोबा, हे तर प्रायव्हेट कॉलेज आहे." बाबा म्हणाले, "सरकारी होतं, म्हणून तर शिकलो." दोघंही मागे हटेनात. जेवणं झाली, पानं उचलली, तरी वाद चालूच.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. नाशिकची ही जुनी कॉलेजं नक्की कोणाची? आणि एवढी वाढली कशी? कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादात एचपीटी विरुद्ध केटीएचएम हा दोन कॉलेजांचा जुना सामना सुरू होईल.

तर्री_जास्त_मार

दहाव्या कशाला, पहिल्याच प्रतिसादात करतो. केटीएचएम. विषय संपला.

कॅनडा_कॉर्नर

कॉलेज रोडला कॉलेज रोड का म्हणतात तेवढं सांगा, मग पुढचं बोलू :)

अकरावी_मॅट्रिक

या दोघांना शाळेत असतानाच वेगवेगळ्या बाकांवर बसवायला हवं होतं.

पाहुणे, जमेल तसं सांगतो. गोखले एज्युकेशन सोसायटी निघाली १९१८ साली, मुंबईत. नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचं, संस्थापक प्राचार्य टी. ए. कुलकर्णी. याच संस्थेनं १९२४ मध्ये नाशिकला कॉलेज काढलं, तेच आजचं एचपीटी, म्हणजे हंसराज प्रागजी ठाकरसी. त्या काळी इकडच्या पट्ट्यात दुसरं कॉलेज नव्हतं हे लक्षात घ्या. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही चाळिशीच्या दशकातली, नगर कॉलेज १९४७ चं. म्हणजे १९२४ च्या आधी नाशिकचा पोरगा मॅट्रिक झाला की त्याच्यापुढे रस्ते दोनच, पुणं नाहीतर मुंबई. आणि घरची ऐपत नसेल तर तिसरा रस्ता मामलेदार कचेरीचा.

अजून एक गंमत सांगतो. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला. तोवर कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. म्हणजे हे कॉलेज आपल्या विद्यापीठापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठं. आमच्या वेळी पुण्याहून परिपत्रक आलं की ऑफिसातले एक जुने हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "धाकट्याचं पत्र आलंय."

पुढे १९५७ ला कॉमर्ससाठी बीवायके आलं, १९६३ ला नाशिकरोडला वेगळं कॉलेज झालं. तेव्हा नाशिकरोड ते नाशिक म्हणजे सायकलवर चांगलाच घाम. नाशिकरोडच्या कॉलेजला लोक अजून बिटको म्हणतात. काळं दंतमंजन आठवतं ना, तेच बिटको.

एचपीटीत इंग्रजी शिकवायला नाटककार वसंत कानेटकर होते, पंचवीस वर्षं. मी सायन्सचा, त्यामुळे त्यांच्या तासाला बसायचा योग आला नाही. आमच्या नशिबी प्रयोगशाळेतलं वायू बनवायचं किप्सचं उपकरण आणि सडक्या अंड्याचा वास. तो वास शर्टाला असा बसायचा की सिटी बसमध्ये शेजारी कोणी बसत नसे.

पुणेरी_पाहुणा

माहितीपूर्ण. सावरकर आणि अनंत कान्हेरे याच कॉलेजचे ना?

अकरावी_मॅट्रिक

नाही हो. कान्हेऱ्यांनी केलेला कलेक्टर जॅक्सनचा वध १९०९ चा, कॉलेज १९२४ चं. त्यांना तिथं प्रवेश कोण देणार? सावरकर नाशिकला मॅट्रिक झाले आणि १९०२ साली तुमच्याच फर्ग्युसनमध्ये गेले. नाशिकला कॉलेज नव्हतं म्हणूनच गेले. मी वर म्हटलं ते हेच.

तर्री_जास्त_मार

पुणेकराला फर्ग्युसनचा इतिहास नाशिककरानं शिकवला. आजचा दिवस सार्थकी लागला.

गोदाकाठ

कुसुमाग्रजांचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? ते एचपीटीचेच. कॉलेजात असतानाच त्यांच्या कविता मासिकात छापून यायला लागल्या होत्या. आणि १९३२ मध्ये, विसाव्या वर्षी, ते दलितांच्या प्रवेशासाठीच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात उतरले. मंदिर पंचवटीत, कॉलेज नदीच्या या अंगाला. पूल ओलांडला की संपलं एवढंच अंतर. पण १९३० ते ३५ त्या दारापुढे जे चाललं होतं ते पाहिलं तर किती वर्गमित्रांनी तो पूल ओलांडला असेल, असं मनात येतं.

मखमलाबादकर

गोदाकाठ, मुद्द्याला हात घातलात. कॉलेज १९२४ ला निघालं हे खरं, पण निघालं कोणासाठी? वाड्यांतल्या, पेठांतल्या पोरांसाठी. वकील, मास्तर, कारकून यांच्या घरातल्या. आमच्या मळ्यातला पोरगा तिथं पोचायला अजून दोन पिढ्या जायच्या होत्या.

तो पोचला तो बोर्डिंगमुळे. मराठा विद्या प्रसारक समाज (मविप्र) १९१४ चा, म्हणजे गोखले सोसायटीच्याही आधीचा, पण सुरुवात कॉलेजपासून केलीच नाही. पोरगा गावातून आला तर राहणार कुठं, जेवणार काय, हा पहिला प्रश्न. म्हणून वसतिगृहं आणि शाळा आधी. उदोजी बोर्डिंगसाठी खुद्द शाहू महाराज १९२० ला नाशिकला आले होते. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ, अण्णासाहेब मुरकुटे, गणपतदादा मोरे ही माणसं गावोगाव फिरली. केटीएचएम निघालं थेट १९६९ ला. कर्मवीर थोरात, हिरे, मुरकुटे यांचीच आद्याक्षरं. बोर्डिंगपासून स्वतःच्या मोठ्या कॉलेजपर्यंत यायला पंचावन्न वर्षं लागली. एका दमात झालं नाही.

कॅनडा_कॉर्नर

मखमलाबादकर, वाड्यांतल्या पोरांसाठी हे एकदम मान्य नाही. माझे आजोबा शिंपी. ते १९४० च्या सुमारास तिथंच शिकले.

मखमलाबादकर

शिंपी मेनरोडचे ना? मी मळ्यातल्याचं बोलतोय. जात सोडा, अंतर बघा. गिरणाऱ्याहून रोज येणार कशानं?

कॅनडा_कॉर्नर

मेनरोडचेच. बरं, अर्धं मान्य.

सुरगाण्याची_पोर

वाचत होते, अंतरावरून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आमचं गाव सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या अंगाला. मी २००४ ला नाशिकला आले. आदिवासी वसतिगृहात पहिल्या वर्षी नंबर लागला नाही, म्हणून आम्ही चौघींनी पंचवटीत खोली घेतली. स्टो होता, पण रॉकेल महाग. मग डबा गावाहून यायचा. एसटीनं.

आई पहाटे उठून भाकरी करायची, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या. सोबत उडदाचं वरण. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात आवळून बांधलेला, झाकणावर लाल नेलपॉलिशनं माझं नाव आणि कॉलेजचं नाव. बाबा तो डबा पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. मी सकाळचे दोन तास करून सीबीएसवर, म्हणजे मुख्य एसटी स्टँडवर पळायचे. तिथं माझ्यासारख्या वीस-पंचवीस पोरी-पोरं उभी असायची, पेठची, दिंडोरीची, हरसूलची. कंडक्टर ड्रायव्हरच्या मागच्या जागेतून एकेक डबा काढून नावं पुकारायचा. एकदा नाव पुसलं गेलं होतं, तर त्यानं झाकण उघडून विचारलं, "नागलीवाली कोण?" सगळे हसले. मी हात वर केला नाही. गाडी डेपोत जाईपर्यंत थांबले, मग जाऊन घेतला.

तो डबा दुपारी निम्मा आणि रात्री निम्मा. घाटात गाडी बंद पडली तर त्या दिवशी वडापाव.

घरी कोकणा बोलतो आम्ही. पहिल्या सहामाहीत सरांचं मराठीच अर्धं कळायचं नाही, इंग्रजी लांबच. पण कॉलेजात एक मॅडम होत्या, त्या तास संपल्यावर मला थांबवून घ्यायच्या आणि वहीत बघून म्हणायच्या, "हे तुझ्या भाषेत सांग बरं." मला वाटायचं परीक्षा घेतात. नंतर कळलं, त्यांना शिकायचं होतं.

सरकारी का खाजगी, ते मला तेव्हाही कळलं नाही. आम्हाला एकच माहीत होतं, स्कॉलरशिप सरकारची आणि ती परीक्षा झाल्यावर येते. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. डबा मात्र स्वतः करते.

गोदाकाठ

ताई, नागलीवाली कोण हे वाचून थांबलो. लिहीत राहा.

तर्री_जास्त_मार

मी सगळे विनोद मागे घेतो. तात्पुरते.

निमाणीची_लाल_परी

डब्यांचं शंभर टक्के खरं आहे. माझे वडील कंडक्टर होते. एका फेरीला पंधरा-पंधरा डबे. एखाद्या पोराचा डबा दोन दिवस उचलला गेला नाही तर ते गावी जाऊन घरच्यांना विचारायचे, पोरगं आजारी आहे का म्हणून.

सिन्नरकर

कॉमर्सचं बीवायके म्हणजे भिकुसा यमासा क्षत्रिय, आमच्या सिन्नरचे. सिन्नर म्हणजे विडी. त्या विडीच्या पैशातून नाशिकमध्ये कॉलेज उभं राहिलं ही गोष्ट आम्ही अभिमानानं सांगतो, आणि सांगताना जरा अडखळतोही.

माझी आजी विड्या वळायची. तिचा कारखाना वेगळा, नाव राहू द्या. संध्याकाळी माल घेऊन गेली की तपासणारा माणूस मूठभर विड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणायचे. त्याचे पैसे नाहीत, पानतंबाखू गेली ती गेलीच. आजीच्या बोटांची टोकं पिवळी आणि गुळगुळीत झाली होती. बँकेत अंगठा द्यायची तर ठसा नीट उठायचा नाही.

तिची मुलगी म्हणजे माझी आई. विडी कामगारांच्या मुलांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते, त्यासाठीचा कायदा १९७६ चा. त्यावर आईनं बी.कॉम. केलं, त्याच कॉलेज रोडवर. आता सांगा हे कॉलेज कोणाचं? देणगी देणाऱ्याचं, की छाट सोसणारीचं?

मखमलाबादकर

सिन्नरकर, _/\_

पुणेरी_पाहुणा

भावनेचा भाग बाजूला ठेवून विचारतो. मालकी संस्थेची, मग सरकारी कसं? उत्तर दोन ओळींचं आहे. धागा एवढा का लांबलाय?

बारा_वर्षं_तासिका

दोन ओळींचं नाही, म्हणून लांबलाय. मी प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेला, तासिका तत्त्वावर बारा वर्षं शिकवतोय. कॉलेजचं नाव सांगणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण व्यवस्था सांगतो.

जमीन, इमारत, नाव संस्थेचं. प्राध्यापक नेमते संस्था, पण मंजूर पदावरच्या प्राध्यापकाचा पगार सरकार देतं. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी विद्यापीठाची. याला अनुदानित म्हणायचं. म्हणजे पाहुण्यांच्या वडिलांचं आणि पुतण्याचं दोघांचंही बरोबर. ज्या काळात बाबा शिकले तेव्हा कॉलेजला सरकारी अनुदान आणि यांची फीही सरकारनं माफ केलेली. पोराच्या बाजूनं बघितलं तर ते सरकारीच.

मग १९८३ ला वसंतदादांच्या काळात विनाअनुदान धोरण आलं. संस्थांनी स्वतःच्या जिवावर कॉलेजं काढा, फीवर चालवा. इंजिनिअरिंगचं पीक आलं ते तेव्हापासून. नाशिकचं के. के. वाघ इंजिनिअरिंग १९८४ चं, तारीखच बोलते. मविप्रचं मेडिकल १९९० चं. आज मविप्रच्या चारशेवर शाखा आहेत आणि सभासद दहा हजारांच्या घरात. संस्थेची निवडणूक लागली की जिल्ह्यात आमदारकीपेक्षा जास्त गाड्या फिरतात.

वाढ झाली ती अशी. पण जुन्या अनुदानित कॉलेजातही आत बघा. एकाच पोर्चखाली दोन कॉलेजं आहेत. डाव्या जिन्यानं गेलात तर बी.ए., फी परवडणारी, वर्गात शंभर पोरं. उजव्या जिन्यानं गेलात तर बीबीए, बीसीए, फी काही पटींत, टाइल्स नव्या. डावीकडचा प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरली जात नाही, तिथं आम्ही. तासाप्रमाणे पैसे, मे महिन्यात शून्य. आणि महिन्याचा पगार असं म्हणतात खरं, पण तो वर्षातून दोनदा होतो.

केटीएचएमचा आमच्या होस्टेलवरचा जुना फुलफॉर्म होता, 'कधी तरी होईल मास्तर'. तेव्हा हसायचो. नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजला लावा, आता बरोबर बसतो.

तर्री_जास्त_मार

सर, मी केटीएचएमचा कट्टर. हा फुलफॉर्म चोरतोय, माफी असावी.

कॅनडा_कॉर्नर

तासिका सर, उजव्या जिन्याला सरसकट नावं ठेवू नका. माझी मुलगी उजव्या जिन्यानं गेली आणि तिला नोकरी लागली. डाव्या जिन्यावरून खाली उतरून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेली पोरं मी रोज बघतो, तिशी ओलांडलेली.

बारा_वर्षं_तासिका

जिन्याला नावं ठेवत नाही. सुरगाण्याच्या ताईंना २००४ ला फक्त उजवाच जिना असता तर त्या कुठं असत्या, एवढंच विचारतो.

सातपूर_तिसरी_पाळी

माझ्यासाठी दोन्ही जिने बंद होते. बारावीनंतर सातपूरला कंपनीत लागलो. घरात मोठा मी. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ ला निघालं आणि मुख्यालय आपल्या नाशिकला, गंगापूर धरणाच्या वाटेवर. 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणतात. माझ्या घरी ती रात्रपाळी संपवून यायची, सकाळी आठला. पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. पाच वर्षं लागली. अभ्यासकेंद्र मात्र एका जुन्या कॉलेजातच होतं, दर रविवारी. म्हणजे रविवारपुरतं ते कॉलेज माझंही.

गोदाकाठ

अवांतर: १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. खानदेश तिकडे गेला आणि नाशिक पुण्याकडेच राहिलं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याकडे, मुक्त विद्यापीठ आपल्याकडे, पण बी.ए.च्या गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला माझ्या भावाला कसारा घाट नाही तर सिन्नर-नारायणगाव! त्यानं त्या एका चुकीपायी शिवनेरीही बघून घेतली.

पुणेरी_पाहुणा

कसारा घाटातून पुण्याला? मुंबईमार्गे?

गोदाकाठ

तेव्हा मावशीकडे कल्याणला मुक्काम फुकट होता :)

संपादक_मंडळ

एचपीटी-केटीएचएम शीतयुद्धाचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. बोट क्लब, कँटीनचा समोसा आणि कोणाच्या गॅदरिंगला पोलीस आले हे विषय वेगळ्या धाग्यावर घ्यावेत.

तर्री_जास्त_मार

समोसा केटीएचएमचा. हे तरी राहू द्या.

वणीचा_पाहुणा

मंडळी, बाबांना सगळा धागा वाचून दाखवला, दोन रात्री लागल्या. नागलीच्या डब्याला त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. ते स्वतः वणीहून डबा मागवायचे, फक्त ज्वारीचा. म्हणाले, "आमचा कंडक्टर डब्यातली चटणी खायचा."

तासिका सरांचं अनुदानितचं ऐकून पुतण्याकडे बघून म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना." पुतण्याही तेच म्हणाला. वाद मिटलेला नाही.

काल मात्र एक घडलं. बाबा सकाळीच स्वच्छ सदरा घालून तयार. म्हणाले, "चल, कॉलेजात जाऊ. माझे दहा रुपये आहेत त्यांच्याकडे." मला वाटलं थट्टा. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेतली होती. ऑफिसच्या खिडकीत पंचविशीतली मुलगी बसली होती. तिनं पावती दोन्ही बाजूंनी बघितली, आत कोणाला तरी नेऊन दाखवली, आणि परत येऊन अगदी गंभीरपणे विचारलं, "आजोबा, अनामत परत घ्यायची तर ग्रंथालयाचा ना-हरकत दाखला लागेल. तुमच्या नावावर पुस्तक बाकी नाही ना?"

बाबा काहीच बोलले नाहीत. पावतीची घडी घातली, म्हणाले, "राहू दे बाळ," आणि चालू लागले.

घरी येऊन त्यांनी पेटी पुन्हा उघडली. आजीच्या लुगड्याच्या घडीत एक पुस्तक होतं. पुठ्ठ्याला खाकी कागद, आत कॉलेजचा गोल शिक्का आणि मागच्या पानावर परतीची तारीख, १९७२ ची. आता दिवसाला किती पैसे दंड होता, हे अकरावी_मॅट्रिक काकांना आठवतंय का?

अकरावी_मॅट्रिक

आमच्याकडे पाच पैसे होता. सुट्ट्या धरून हजाराच्या आसपास जातोय. दहा वजा करा.